नरगुंदात कोणी नरगुंदकर नसतो

हुबळी स्टेशनचा फलाट १५०७ मीटर लांब आहे, जगातला सर्वांत लांब. तो चालून संपेपर्यंत पुतण्याने मला सगळं सांगून टाकलं. पुण्यात त्याचं लग्न ठरलं होतं. पहिली पत्रिका धारवाडच्या आत्याला द्यायची म्हणून तो पुण्याहून आणि मी बेळगावहून आले होते. शिवाय लग्नानंतरच्या देवदर्शनासाठी म्हणून त्याने कोकणात एका हॉटेलला अॅडव्हान्सही भरून ठेवला होता.

“कोकणात? आपली कुलदेवता कोकणात कधी गेली?”

त्याने मोबाईल पुढे केला. नरगुंदकर आडनावाचं मूळ काय, असं त्याने एआयला विचारलं होतं. उत्तर छान मराठीत होतं. नरगुंदचे संस्थानिक भावे कोकणातले, त्यांच्याबरोबर जी घराणी आली ती नरगुंदकर, तेव्हा कुलदेवताही रत्नागिरीकडची. कुठे ‘कदाचित’ नाही की ‘बहुधा’ नाही.

धारवाडच्या चिगरी बसमध्ये बसल्यावर मी तोच प्रश्न त्याच फोनवर कन्नडमध्ये विचारला. उणकल तळं मागे पडायच्या आत उत्तर आलं. आता आम्ही अस्सल कन्नडिग झालो होतो आणि ‘कर’ हे मराठी अंमलातलं शेपूट ठरलं होतं. हेही तितक्याच ठामपणे. वीस किलोमीटरच्या रस्त्यात आमच्या घराण्याची जात आणि भाषा दोन्ही बदलली! पुतण्या संगणकातलाच आहे, त्यानेच मग समजावलं. हे यंत्र कुठलं दप्तर उघडून बघत नाही. जे शब्द लिखाणात वारंवार शेजारी शेजारी येतात, ते जुळवून वाक्य तयार करतं. १८५८ च्या उठावामुळे नरगुंद म्हटलं की बाबासाहेब भावे आलेच, म्हणून आम्हीही त्यांच्या पंगतीला जाऊन बसलो. नावावरून वंश ओळखायचं अमेरिकेत तयार झालेलं एथ्निकलर नावाचं साधनही त्याने वापरून पाहिलं होतं. त्याच्या विकिपीडियावरून शिकवलेल्या प्रकारात अख्ख्या भारतीय उपखंडाचा एकच गट आहे. म्हणजे तिथे चुकायचीही सोय नाही.

खिडकीतून दुकानांच्या पाट्या दिसत होत्या. मी वाचून अर्थ सांगत होते. अंगडी म्हणजे दुकान. होसमनी म्हणजे नवं घर, दोड्डमनी म्हणजे मोठं घर. मेणसिनकाई आणि उळ्ळागड्डी म्हणजे मिरची आणि कांदा, हे ऐकून त्याला हसू आवरेना. आपल्यातले पडवळ आणि भोपळे तो विसरला होता. पाटील आले तेव्हा मात्र मी थांबले. इथे पाटील मराठा असतो, लिंगायत असतो, जैन असतो, मुसलमानही असतो. ते कामाचं नाव, वंशाचं नव्हे.

आणि गावाची नावं? गुरू सवाई गंधर्व कुंदगोळकर, शिष्या गंगूबाई हानगल. कुंदगोळ आणि हानगल ही दोन्ही याच मुलखातली गावं. एकाला ‘कर’ लागला, दुसऱ्याला नाही. मल्लिकार्जुन मन्सूरही तसेच, धारवाडजवळच्या मन्सूरचे. बेंद्र्यांच्या घरी मराठी, पण कविता कन्नड, ज्ञानपीठही त्या कन्नडसाठीच, १९७३ चं. कविता लिहिताना तर त्यांनी आडनाव बाजूला ठेवून आईचं नाव घेतलं, अंबिकातनयदत्त. सगळं जग ज्याला धारवाडी पेढा म्हणतं तो पेढासुद्धा उन्नावहून आलेल्या ठाकूर घराण्याचा. मराठीत आडनाव, कन्नडमध्ये अड्डहेसरु. शब्दसुद्धा एकाच घडणीचे आहेत.

आत्या आता चौऱ्याऐंशीची आहे. पत्रिका देवापुढे ठेवून तिने आधी आम्हाला गिरमिट खायला लावलं आणि मग कोकणाची हकीकत ऐकली.

“कसलं कोकण रे? बनशंकरी की आपली!”

तिने कपाटातून आजोबांची जमाखर्चाची वही काढली. पानं पिवळी पडलेली, अक्षर मोडी. ती बोट ठेवून वाचत गेली. दर पौषात एक नोंद होती, बनशंकरीस ओटी व दक्षिणा. रक्कम कधी दोन रुपये, कधी पाच. एका वर्षी काहीच नव्हतं. त्या वर्षी आजोबांचा धाकटा भाऊ गेला होता, म्हणून सुतक.

“आणि नरगुंदकर?” पुतण्याने विचारलं.

“नरगुंदात कोण नरगुंदकर म्हणणार? तिथं आपण कुलकर्णी. तुझे खापरपणजोबा पोराला घेऊन धारवाडला आले. शाळेत मास्तरांकडे आधीच चार कुलकर्णी होते. त्यांनी विचारलं, याव ऊर? हे म्हणाले, नरगुंद. मास्तरांनी तेच लिहिलं.”

धारवाडच्या शं. बा. जोशींनी मराठी-कन्नड संस्कृतीची ही गुंतागुंत मराठीत ग्रंथ लिहून मांडली. पण आमच्या घराची गाठ त्या मास्तरांनी हजेरीपटावरच मारून टाकली होती. पुतण्या बराच वेळ वहीचे फोटो काढत होता. मोडी त्याला एक अक्षर वाचता येत नाही. आत्यानंतर आमच्यापैकी कोणालाच येणार नाही, हे माझ्याही तेव्हाच ध्यानात आलं. मग त्याने तिला पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला लावलं आणि फोनमध्ये आवाज भरून घेतला. दोन संध्याकाळी त्यात गेल्या.

कोकणातला अॅडव्हान्स काही परत मिळाला नाही.

लग्नानंतर आम्ही पुण्याच्याच गाडीने निघालो. हुबळीहून नवलगुंद, पुढे नरगुंद, कुळगेरी क्रॉस आणि बदामी. नरगुंदला डोंगराखाली चहाला थांबलो. एमएच-१२ ची पाटी बघून चहावाल्याने विचारलं, “याव ऊर?”

“नरगुंद,” पुतण्या म्हणाला.

तो हसला. मग जरा निरखून बघत म्हणाला, “यार मनी?” म्हणजे कोणाच्या घरचे? याचं उत्तर ना पुतण्याला देता आलं, ना मला. मी आत्याला फोन लावला आणि त्याच्या हातात दिला. दोघं कन्नडमध्ये बोलत राहिले, बोलता बोलता तो वेशीकडच्या गल्लीकडे हात करत होता. नव्या सूनबाईंचा चहा गार झाला, म्हणून त्याने दुसरा दिला आणि पैसे कशाचेच घेतले नाहीत. बनशंकरीला पोचायला आम्हाला दोन वाजले.