स्थळे पाहताना

आपल्या भाषेत 'स्थळ' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक भूगोलाच्या पुस्तकातला आणि दुसरा लग्ने जुळवणाऱ्या मावश्यांच्या तोंडचा. महाबळेश्वर हे थंड हवेचे स्थळ असते आणि सांगलीच्या बँकेतला नोकरदार मुलगा हेही स्थळच असते. दोन्ही पाहायला जायचे असते, दोन्हीकडे चहापोहे मिळतात आणि परत आल्यावर दोन्हींविषयी "ऐकलं होतं तेवढं काही नाही हो" असे म्हणण्याची रीत आहे.

अलीकडे या शब्दाला तिसरा भाऊ मिळाला. इंग्रजी वेबसाइटला कोणीतरी 'संकेतस्थळ' म्हणून टाकले. हा शब्द घडवणाऱ्याने जुने काव्य वाचले होते की नाही, कोण जाणे! कारण संस्कृत काव्यात संकेत म्हणजे प्रेमिकांनी आपसांत ठरवलेली भेट, आणि संकेतस्थळ म्हणजे त्या भेटीची जागा. अभिसारिका निघायची ती तिकडेच. त्या बिचारीला काळोख, पाऊस, चिखल, साप आणि घरची वडीलधारी माणसे एवढ्यांना चुकवून जावे लागे. आता संकेतस्थळ पर्समध्ये मावते. गेली तीन वर्षे मी या तिन्ही अर्थांनी स्थळे पाहते आहे.

वाचकांना प्रश्न पडेल की पंचेचाळिशीच्या मराठीच्या प्राध्यापिकेला हे उद्योग का सुचावेत? तर माझे लग्न सोळा वर्षे टिकले आणि संपले. आरडाओरडा झाला नाही. दोघांनी मिळून अर्ज केला आणि कायद्याने आम्हांला मोकळे केले. माझ्या आजीच्या तरुणपणी हे शक्यच नव्हते. मुंबई प्रांतात हिंदूंना घटस्फोटाची परवानगी मिळाली १९४७ साली. देशभराचा हिंदू विवाह कायदा १९५५ सालचा. आणि एकमेकांवर आरोप न करता, परस्पर संमतीने वेगळे होण्याचे दार त्यात उघडले ते १९७६ साली. म्हणजे ज्या दाराने मी बाहेर पडले, ते जवळजवळ माझ्याच वयाचे आहे.

संसार मोडला की वाटणी करावी लागते. कुकर एकाकडे, कपाट दुसऱ्याकडे. पुस्तकांची वाटणीसुद्धा आम्ही समजूतदारपणे केली. पण जागांची वाटणी कशी करणार? पर्वतीच्या पायऱ्या कोणाच्या? पावसाळ्यातला सिंहगड कोणाचा? सगळे पुणे दोघांचे होते, आणि दोघांचे होते म्हणूनच ते आता एकटीचे होईना. जिथे जावे तिथे आपल्याआधी एक जुनी संध्याकाळ येऊन बसलेली! शेवटी मी केडगावला दोन खोल्या भाड्याने घेतल्या. माझे महाविद्यालय इथून जवळ. अकरा वर्षे मी पुण्याहून दौंडच्या गाडीने येत होते. लोणी, उरुळी, यवत, खुटबाव ही नावे मला पाढ्यासारखी पाठ होती. पण पाढे पाठ असणे निराळे आणि हिशेब करता येणे निराळे. खिडकीतून ऊस दिसे, कालवा दिसे, यवत गेले की उजव्या हाताचा डोंगर दिसे. उतरून काही पाहिले नव्हते.

घरमालकीण काकूंनी पहिल्याच दिवशी विचारले, "एकट्याच का मॅडम?" मी म्हटले, "सध्या एकटीच." हे 'सध्या' माझ्या तोंडून कसे निघाले, याचे मलाच नवल वाटले.

दिवाळीच्या सुट्टीत भाची आली आणि तिने माझ्या मोबाइलवर ते दुकान मांडून दिले. २०१२ साली अमेरिकेत टिंडर निघाले, तेव्हापासून या प्रकाराची एक ठरावीक तऱ्हा पडली आहे. नापसंत माणूस बोटाने डावीकडे सारायचा, पसंत माणूस उजवीकडे. आमच्या वेळी पत्रिका उलटटपाली परत यायची, त्यापेक्षा हे बरे. निदान पोस्टाचा खर्च नाही. किती अंतरापर्यंतची माणसे हवीत, तेही ठरवता येते. भाचीने पन्नास किलोमीटर केले. केडगावभोवती पन्नास किलोमीटरचे वर्तुळ काढले, तर त्यात इकडे हडपसर येते, तिकडे भिगवण येते, खाली जेजुरी, वर शिरूर.

"मावशी, आता स्वतःबद्दल लिही," ती म्हणाली.

इथे माझी गाडी अडली. लग्नाच्या जाहिरातीत उपवर मुलीविषयी दुसरे कोणीतरी लिहीत असते. 'सुस्वरूप', 'गृहकृत्यदक्ष' ही विशेषणे वडील पुरवतात आणि मुलगी ती निमूट अंगावर घालते. इथे आपणच आपले वडील! निबंधाला दहांपैकी गुण देणारी मी, पाच ओळींपुढे तासभर बसले. शेवटी लिहिले: 'मराठी शिकवते. घटस्फोटित. चहा अंमळ जास्त घेते. आजूबाजूचा मुलूख पाहायची इच्छा आहे.' शेवटचे वाक्य जागा उरली म्हणून लिहिले होते. पुढे जे काही घडले, ते त्या वाक्यामुळे.

पूर्वी स्थळाबरोबर मध्यस्थ येई. त्याचा कितीही कंटाळा आला, तरी तो एक प्रकारचा जामीन असे. 'मुलगा माझ्या पाहण्यातला आहे,' या त्याच्या शब्दाला किंमत होती. संकेतस्थळावर जामीन नाही. एका गृहस्थांनी स्वतःला एकटे म्हटले होते, आणि फोनवर बोलताना मागून "अहो, जेवायला वाढलंय" अशी हाक मला ऐकू आली! म्हणून मी नियम केले. भेट दिवसाउजेडी. जागा माणसांच्या वर्दळीची. कोठे, केव्हा, कोणाला भेटते आहे, हे एका मैत्रिणीला आधी सांगून ठेवायचे. आणि चौथा नियम माझा स्वतःचा: भेटीची जागा समोरच्याने ठरवायची. फोटोवरून माणूस कळत नाही; पण कोणती जागा दुसऱ्याला दाखवावीशी वाटते, त्यावरून पुष्कळ कळते.

हडपसरच्या गृहस्थांनी एक थंडगार उपाहारगृह निवडले आणि माझा पगार विचारला. ते स्थळ तिथेच संपले.

दौंडचे एक विधुर गृहस्थ रेल्वेत होते. त्यांनी मला चक्क फलाटावर बोलावले. मला हसू आले. पण त्यांनी जे दाखवले ते अकरा वर्षांत मी पाहिले नव्हते. दौंड-मनमाड हा मार्ग १८७८ सालचा. पुण्याकडून येऊन मनमाडच्या दिशेने जाणारी गाडी दौंडात शिरली की तिचे तोंड फिरते. पुढचे इंजिन काढून मागच्या टोकाला लावतात आणि शेवटचा डबा पहिला होतो. हल्ली काही गाड्या कॉर्ड लाइनने बाहेरूनच जातात. पण आम्ही उभे होतो तेव्हा एक गाडी फिरत होती. ते म्हणाले, "नवा माणूस घाबरतो, मॅडम. त्याला वाटतं, गाडी परत पुण्याला निघाली. पण गाडी बरोबर चाललेली असते. बसलेल्याचं तोंड तेवढं उलटं झालेलं असतं."

घटस्फोटानंतर पुष्कळांनी माझी समजूत घातली होती. एवढे नेमके कोणी बोलले नव्हते. पुढे त्यांनी मोकळेपणाने सांगितले की मुलगी बारावीत आहे, तिचे शिक्षण होईपर्यंत घरात नवे माणूस आणणे त्यांच्या मनाला पटत नाही. आम्ही चहा घेतला आणि एकमेकांना शुभेच्छा दिल्या.

तिसरे गृहस्थ भुलेश्वरला भेटणार होते. यवतहून वर घाट चढला की माळशिरसच्या हद्दीत हे देऊळ आहे. गाडीतून दिसणाऱ्या त्याच डोंगरावर. मी वेळेवर पोहोचले. ते आलेच नाहीत, निरोपही नाही. क्षणभर फार अपमान वाटला. आल्यासारखे देऊळ पाहावे म्हणून आत गेले. बाहेरून तटबंदीसारखे रुक्ष दिसणारे हे देऊळ आत इतके कोरलेले आहे की पाहणाऱ्याची मान दुखावी. यादवांच्या काळातले ते काळ्या दगडातले काम. पुष्कळ मूर्ती फोडलेल्या. पण हात गेला तरी नृत्याची लय गेलेली नाही. एके ठिकाणी तर गणपतीच स्त्रीरूपात बसला आहे! दंतकथा अशी की पार्वतीने इथे नृत्य करून शंकराला भुलवले, म्हणून हा भुलेश्वर. कोणी मध्यस्थ नाही, पत्रिका नाही. मुलीने स्वतःच जाऊन स्थळ जिंकले.

दोन तास मी तिथे होते. खाली उतरताना ध्यानात आले की ज्यांची वाट पाहत होते, त्या गृहस्थांचे नावसुद्धा मधल्या वेळात आठवले नव्हते. पुण्याबाहेरची, कोणाचीही जुनी संध्याकाळ न चिकटलेली एक जागा मला मिळाली होती. ती माझ्या एकटीची होती. त्या दिवसानंतर कोणी येवो न येवो, मी रविवारी निघू लागले.

चौथी भेट निघोजच्या रांजणखळग्यांवर. शिरूर तालुक्याच्या टाकळी हाजीवरून तिथे जाता येते. मधून कुकडी नदी वाहते. तिच्या पात्रातल्या काळ्या खडकात रांजणाएवढे खोल, गुळगुळीत खळगे पडले आहेत. बोलावणारे गृहस्थ शाळेत विज्ञान शिकवतात आणि उरलेल्या वेळात कांदा पिकवतात. तेही घटस्फोटित. त्यांनी सांगितले की भोवऱ्यात सापडलेले गोटे एकाच जागी फिरत राहतात, खडकाला घासतात, आणि हजारो वर्षांत असा रांजण कोरला जातो. पहिल्या बायकोविषयी त्यांनी एकही वावगा शब्द काढला नाही. फडके सोडून भाकरी आणि ठेचा पुढे ठेवला आणि सरळ विचारले, "तुम्हांला लग्न करायचंय, की नुसतं फिरायचंय?"

प्रश्नात राग नव्हता. मी म्हटले, "अजून ठरलेलं नाही. पण दोन्हींतलं काही चालेल अशा आवाजात मला कोणी प्रथमच विचारलं."

एवढ्यात मागून हाक आली, "मॅडम!" माझ्या पहिल्या वर्षाच्या वर्गातली विद्यार्थिनी आईवडिलांबरोबर उभी होती. तिने यांच्याकडे पाहिले आणि भाबडेपणाने विचारले, "हे सर का?"

'सर' म्हणजे मॅडमचे यजमान. मी मराठीची एम.ए.! पण पंचेचाळिशीच्या बाईशेजारी बसून ठेचा खाणाऱ्या पुरुषाला काय म्हणावे, याचा शब्द क्षणभर सापडेना. 'मित्र' म्हटले तर तिच्या आईच्या भुवया वर जातील. 'ओळखीचे' म्हटले तर त्या भाकरीचा अपमान. मग आजीच्या पत्रांतला एक शब्द धावून आला. मी म्हटले, "हे माझे स्नेही." सोमवारी काही बोभाटा होईल, या तयारीने मी वर्गात गेले. तास संपल्यावर ती मुलगी टेबलाशी आली आणि म्हणाली, "मॅडम, आमच्याकडं राहूला गुऱ्हाळ सुरू झालंय. या ना काकवी खायला. सरांना पण घेऊन या." 'स्नेही' हा शब्द तिच्या तोंडी बसला नव्हता, पण निमंत्रण दोघांना होते.

गाव काय म्हणेल, ही धास्ती कोणाला नसते? पण केडगावने याहून धीट बाई पाहिली आहे. १८५८ साली जन्मलेल्या पंडिता रमाबाई लहानपणापासून आईवडिलांबरोबर तीर्थे करीत देशभर चालल्या. दुष्काळात आईवडील गेल्यावर भावाबरोबर उत्तरेत काश्मीरपर्यंत हिंडून १८७८ साली त्या कलकत्त्यास पोहोचल्या. भाऊही गेला; तेव्हा १८८० साली बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी नोंदणी पद्धतीने लग्न केले. जात निराळी, भाषा निराळी, मुलगी दाखवायला कोणी नाही. दोन वर्षांच्या आत ते वारले. रमाबाईंनी पुन्हा लग्न केले नाही. अमेरिका पाहिली, १८८९ साली तिचे प्रवासवृत्त मराठीत लिहिले, त्याच वर्षी मुंबईत शारदा सदन काढले, आणि पुढे या केडगावात शेकडो दुष्काळग्रस्त मुलींना घर दिले. इथेच १९२२ साली त्यांनी देह ठेवला. आणि त्याच शारदा सदनात शिकलेल्या बालविधवा गोदूबाईंनी १८९३ साली विधुर असलेल्या धोंडो केशव कर्व्यांशी लग्न केले आणि आनंदीबाई झाल्या. एकीने पुन्हा संसार मांडला, दुसरीने मांडला नाही. दोघींचीही आयुष्ये भरगच्च झाली. पुनर्विवाह केला म्हणजे गाडी रुळावर आली आणि नाही केला म्हणजे घसरली, असे म्हणणाऱ्यांना मी या दोघींची नावे सांगते.

माझे म्हणाल, तर संकेतस्थळावरचे ते दुकान मी या उन्हाळ्यात बंद केले. शिरूरकडचे स्नेही महिन्यातून एका रविवारी भेटतात. राहूची काकवी खाऊन झाली, रांजणगावचा गणपती झाला. लग्नाचा विषय त्यांनी पुन्हा काढलेला नाही आणि मी टाळलेला नाही. आता थंडी पडली की उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणला रोहित पक्षी येतील, ते पाहायला जायचे आहे. हे आईला फोनवर सांगितले, तर ती म्हणाली, "मलाही ने. बाहत्तर वर्षांची झाले, रोहित पक्षी चित्रातच पाहिलाय." मी म्हटले, "बरोबर शिरूरचे स्नेही असतील हं." पलीकडे थोडा वेळ शांतता.

मग तिने विचारले, "स्थळ कसं आहे गं?"

"छान आहे. पाणी विस्तीर्ण आहे, होडीतून अगदी जवळ जाता येतं, आणि पक्षी तर..."

"पक्ष्यांचं नाही विचारत मी," आई म्हणाली.