जुन्या यंत्राचा नवा धनी

भायखळा, माझगाव, रे रोड आणि कॉटन ग्रीन यांच्या बेचक्यात वसलेले आमचे घोडपदेव जुन्या वस्तूंना पुनर्जन्म देण्यात पिढ्यान्‌पिढ्या तरबेज आहे. शेजारच्या दारूखान्याने अनेक दशके जहाजे मोडली आणि त्यांचे लोखंड पुन्हा बाजारात आणले. न्यू हिंद गिरणीच्या जागेवर गिरणी कामगारांसाठी म्हाडाच्या उंच इमारती उभ्या राहिल्या. अशा वस्तीत राहणाऱ्यांना ‘वापरलेली वस्तू’ या शब्दांत कमीपणा वाटत नाही. मात्र एक प्रश्न चाणाक्ष गृहिणी हमखास विचारते: पूर्वीचा धनी या वस्तूतून पुरता बाहेर पडला आहे ना? जुने कपाट घेतले तर खण उघडून, कागद झटकून खात्री करता येते. पण ज्या वस्तूचे खण डोळ्यांना दिसतच नाहीत, तिचे काय करावे?

वाचकहो, हा प्रश्न आमच्यापुढे आला तो एका नेटवर्क स्विचच्या निमित्ताने. दहावी-बारावीच्या मुलांसाठी आम्ही एक लहानशी अभ्यासिका चालवतो. तेथे दानात मिळालेले बारा संगणक आणि एक प्रिंटर आहे. ही सारी मंडळी एकमेकांशी जोडण्यासाठी लॅमिंग्टन रोडवरून सिस्को कंपनीचा ‘कॅटलिस्ट २९६०’ जातीचा, चोवीस तोंडांचा जुना स्विच स्वस्तात आणला. दुकानदाराने रीतसर पावती दिली आणि तीवर यंत्राचा अनुक्रमांकही लिहून दिला.

स्विच म्हटले की आपल्याला दिव्याचे बटण आठवते; हा स्विच त्यातला नव्हे. चाळीत आलेला निरोप गॅलरीत उभे राहून सर्वांना ओरडून सांगणारा एक माणूस असतो आणि नेमक्या खोलीच्या दारात पत्र टाकणारा पोस्टमन असतो. ‘हब’ नावाचे जुने यंत्र पहिल्या प्रकारचे होते. स्विच दुसऱ्या प्रकारचा. कोणत्या तोंडाशी कोणता संगणक आहे, हे तो स्वतःहून शिकतो, आपल्या तक्त्यात टिपतो आणि ज्याचे त्याला पोहोचते करतो. इतके काम तो कोणी न सांगताही करतो.

मग अडचण कोठे आली? आमच्या अभ्यासिकेतील आठ संगणक एकमेकांना ओळखत होते, उरलेले चार आपापसांत बोलत होते. परंतु या दोन गटांची परस्परांशी ओळखदेख नव्हती. प्रिंटर चौघांच्या गटात पडला, म्हणून आठांना कागद मिळेना. तारा बदलून पाहिल्या, तोंडे बदलून पाहिली. शेवटी तंत्रनिकेतनात शिकणारा आमच्या तरुण मंडळातील एक मुलगा म्हणाला, “फादर, तारा चांगल्या आहेत. आधीच्या मालकाने आत भिंती घातल्यात, त्या अजून उभ्या आहेत.”

त्याचे निदान अचूक होते. अशा स्विचमध्ये एकाच पेटीचे अनेक अदृश्य कप्पे पाडता येतात. त्यांना व्हीलॅन म्हणतात. एखाद्या कचेरीत हिशेबनिसांचे संगणक एका कप्प्यात, पाहुण्यांचे दुसऱ्यात, असे ते विभागलेले असतात. पूर्वीच्या कचेरीला त्या भिंती आवश्यक असतील. कचेरीने यंत्र विकले, ते दुकानात धूळ खात पडले, घोडपदेवला आले. भिंती मात्र यंत्राच्या स्मरणात जशाच्या तशा राहिल्या. आमच्या खोलीत आमची मुले बसली होती आणि राज्य चालले होते ते कोणा अनोळखी कचेरीचे!

भिंती पाडायच्या तर व्यवस्थापकाचा अधिकार हवा. त्या मुलाने संगणकाची तार स्विचच्या ‘कन्सोल’ या खास तोंडाला जोडली. पडद्यावर प्रथम एक सूचना उमटली: अधिकृत व्यक्तींखेरीज इतरांस प्रवेश नाही. तिच्याखाली एका व्यवसायसंस्थेचे नाव होते आणि त्याखाली परवलीचा शब्द मागणारी ओळ लुकलुकत होती. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, “फादर, माल गठ्ठ्याने येतो. पासवर्ड कोण देतो आम्हाला?”

येथे आम्ही थोडे थांबलो. पडद्यावरची सूचना कोणाला उद्देशून होती? आपण अधिकृत होतो की नव्हतो? भारताचा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा आहे. संगणक वा नेटवर्कच्या मालकाच्या किंवा त्याच्या जबाबदार व्यक्तीच्या परवानगीवाचून त्यात शिरणे, ही गोष्ट त्याच्या ४३व्या कलमात येते. येथे यंत्राचे मालक आम्हीच होतो. पावती आणि अनुक्रमांक जुळत होता. यंत्र दुसऱ्या कोणाच्याही जाळ्याला जोडलेले नव्हते. म्हणजे आपल्याच घराचे हरवलेल्या किल्लीचे कुलूप उघडण्यासारखे हे काम होते. तरीही परवलीचे शब्द अंदाजाने एकामागून एक ठोकून पाहणे आम्हांस रुचले नाही. दुसऱ्याचा शब्द शोधण्यापेक्षा आपला नवा शब्द ठेवण्याचा मार्ग असला तर तोच सरळ.

असा मार्ग खुद्द निर्मात्यानेच ठेवलेला आहे आणि तो गुप्तही नाही. यंत्राच्या दर्शनी बाजूस ‘मोड’ नावाचे एक बटण असते. वीज काढून पुन्हा द्यायची आणि लगेच ते बटण दाबून धरायचे. ‘सिस्टीम’चा हिरवा दिवा लुकलुकतो, क्षणभर पिवळट होतो आणि मग स्थिर हिरवा होतो, तेव्हा बोट काढायचे. कन्सोलवरील संभाषणाचा वेग ९६०० असा ठरवलेला असावा लागतो, एरवी पडद्यावर निरर्थक अक्षरेच दिसतात. सारे नीट झाले की यंत्र पुरते जागे होण्याआधीच अर्धवट झोपेत थांबते आणि आज्ञेची वाट पाहते.

आता त्याची स्मरणवही उघडायची. ‘फ्लॅश’ नावाच्या साठ्यात ‘कॉन्फिग डॉट टेक्स्ट’ या नावाची एक फाइल असते. परवलीचे शब्द, भिंती, पत्ते, सारे तिच्यात लिहिलेले असते. तिचे फक्त नाव बदलायचे आणि यंत्राला जागे व्हायला सांगायचे. जागे झाल्यावर यंत्र नेहमीच्या नावाने आपली वही शोधते, ती सापडत नाही आणि ते नुकतेच कारखान्यातून आल्यासारखे वागते. कोणताही शब्द न विचारता ते आपल्याला व्यवस्थापकाच्या आसनावर बसवते. या सर्वांस पाऊण तासही लागला नाही.

या सोयीचे मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. यंत्र ज्याच्या हाताशी आहे, जो त्याची वीज काढू शकतो आणि बटण दाबू शकतो, त्याला निर्मात्याने धनी मानले आहे. दुरून, तारेवरून येणाऱ्याला हा दरवाजा नाही. म्हणूनच मोठ्या संस्था अशी यंत्रे कुलूपबंद कपाटात ठेवतात. कपाटाची किल्ली हाच खरा परवलीचा शब्द. ज्यांना एवढाही विश्वास नको असतो, ते ही सोय मर्यादित करून ठेवू शकतात. मग बटण दाबले तरी यंत्र एकच सौदा पुढे करते: जुनी वही पुसू द्या, तरच आत या. हाताशी असलेल्याला यंत्र मिळावे, पण पूर्वीच्या धन्याचे गुपित मिळू नये, असा त्याचा अर्थ.

आमच्या यंत्राला तो बंदोबस्त नव्हता. जुनी वही नाव बदलून तशीच पडून होती. एक आज्ञा दिली असती तर पानभर मजकूर पडद्यावर आला असता. मुलाचे डोळे चमकले. “फादर, एकदा बघू या तरी!”

आम्ही विचारले, “यंत्राची पावती कोणाच्या नावाची?”

“आपल्या.”

“आणि आतल्या मजकुराची पावती?”

तो गप्प झाला. त्या मजकुरात काय असते, हे त्याला आमच्यापेक्षा चांगले ठाऊक होते. खात्यांची नावे, आतल्या यंत्रांचे पत्ते, कधी व्यवस्थापकांची नावे. परवलीचे काही शब्द अशा सौम्य सांकेतिक लिपीत असतात की ती क्षणात उलगडते. कित्येक ठिकाणी तेच शब्द अजून चालू असण्याचा संभव असतो. आमच्या सेमिनरीत नीतिशास्त्र शिकवताना मालकी आणि विश्वास यांतील भेदावर बरीच चर्चा होई. वस्तू विकता येते. तिच्यावर कोणी ठेवलेला विश्वास तिच्याबरोबर विकला जात नाही. जुन्या पाकिटाबरोबर आतली चिठ्ठी हाती आली, म्हणून ती वाचण्याचा हक्क आला असे होत नाही.

मुलाने ती फाइल न उघडता पुसली. मग त्यानेच आणखी एक गोष्ट दाखवली. भिंतींची नावे ‘व्हीलॅन डॉट डॅट’ नावाच्या वेगळ्या फाइलीत असतात. मुख्य वही पुसली तरी ती मागे राहते. ती वेगळी पुसावी लागते. यंत्र विकणाऱ्या अनेकांना हे माहीत नसते. त्यानंतर यंत्र पुन्हा सुरू केले, नवा शब्द ठेवला, बाराही संगणक एका अंगणात आणले आणि प्रिंटरमधून पहिला कागद बाहेर आला.

ही गोष्ट एका अभ्यासिकेपुरती नाही. २०२३ साली ईसेट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी बाजारातून १८ जुने राउटर विकत घेऊन तपासले. तपासता आलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांत पूर्वीच्या संस्थांची नाजूक माहिती जशीच्या तशी आढळली. आपल्या शाळा, दवाखाने, पतपेढ्या जुनी यंत्रे भंगारात देतात, तेव्हा कोणाची नावे, कोणाचे पत्ते त्यांच्याबरोबर बाहेर पडतात, याचा विचार आपण करतो काय? घर सोडताना भाडेकरू देवघरातली तसबीर उतरवून नेतो. यंत्र सोडतानाही तितकी आठवण ठेवायला हवी.

दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. २००८ सालच्या जुलै महिन्यात अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराच्या नेटवर्कचे परवलीचे शब्द टेरी चाइल्ड्स या एकाच तंत्रज्ञाजवळ होते आणि ते वरिष्ठांना देण्याचे त्याने नाकारले. त्याला अटक झाली. नेटवर्क चालू होते, पण शहराला आपल्याच यंत्रांवर हुकूम चालवता येईना. अखेर महापौर गॅव्हिन न्यूसम तुरुंगात जाऊन भेटले, तेव्हा त्याने ते शब्द त्यांच्या हाती दिले. २०१० साली त्याला शिक्षा झाली. आपण लोकांचे राखणदार असतो. राखणीला दिलेली किल्ली आपली खाजगी मिळकत समजू लागलो की घोळ सुरू होतो.

आम्हां धर्मगुरूंची बदली ठरलेलीच असते. बाप्तिस्म्याची नोंदवही, तिजोरीची किल्ली, बँकेचे कागद हे सारे आम्ही यादी करून पुढच्याच्या स्वाधीन करतो. त्या यादीत आता आणखी एक पाकीट आले आहे. त्यात स्विचचे नाव, अनुक्रमांक आणि परवलीचा शब्द आहे. पाकीट लाखेने बंद आहे आणि त्यावर आमची व अभ्यासिकेच्या चिटणीसबाईंची सही आहे. शब्द बदलला की पाकीटही बदलायचे, असा नियम केला आहे. यंत्र जुने आहे, त्याच्या निर्मात्याने त्या मालिकेची देखभाल केव्हाच थांबवली आहे. म्हणून बाहेरच्या जगाशी त्याचा थेट संबंध ठेवलेला नाही. एक दिवस तेही निकामी होईल. त्या दिवशी भंगारवाल्याला बोलावण्याआधी त्याच्या दोन्ही वह्या पुसायच्या, हे वाक्य पाकिटातल्या कागदावर सर्वांत वर लिहिले आहे.