पाळीची तारीख

खुटबावच्या आमच्या घरात पाळीची तारीख सगळ्यांना ठाऊक असायची. आजी तिथीवर मोजायची. "तुझी अष्टमीच्या मागंपुढं असती," म्हणायची, आणि बहुतेकदा खरं ठरायचं. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा, तेव्हा तिचं गणित कच्चं नव्हतं. पण ते मोजणं देवघरासाठी होतं, लोणच्याच्या बरणीसाठी होतं. पोटात किती दुखतं, अंगावर किती जातं, हे तिनं कधी विचारलं नाही. तिलाही कुणी विचारलं नसणार.

आईनं हा हिशेब कालनिर्णयवर आणला. दुधाच्या रतिबाशेजारी पेनाचा एक बारीक ठिपका. गौरी जवळ आल्या की ती मागच्या ठिपक्यांवर बोट ठेवून मोजायची, आणि तारीख आडवी येत असली तर पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या यायच्या. त्या गोळ्या हार्मोनच्या असतात, कुणाला द्यायच्या आणि कुणाला नाही हे डॉक्टरांनी ठरवायचं असतं. आमच्या आळीत ते सण ठरवायचा.

दिवाळीच्या सुमाराला शिवारात ऊसतोडीच्या टोळ्या उतरायच्या. त्या बायकांना बाहेर बसायला सवड नव्हती आणि आत बसायला घर नव्हतं. पाचटाच्या कोपीत राहायचं, पहाटे फडात जायचं, मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीत चढायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता. खाडा पडला की उचलीतून पैसे कापले जायचे. या कामाची खरी किंमत २०१९ मध्ये आकड्यात समोर आली. बीड जिल्ह्यातल्या सरकारी पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. हा आकडा वाचला त्या दिवशी मला आमच्या बांधावर पाणी मागायला येणाऱ्या बायकांचे चेहरे आठवत राहिले. महिन्याची तारीख त्यांनाही होती. ती लिहून ठेवून कुठल्या डॉक्टरला दाखवायची, एवढीच सोय नव्हती.

मी पुण्याला शिकायला गेले तेव्हा दौंड पॅसेंजरमध्ये वहीच्या शेवटच्या पानावर माझ्या तारखा मी स्वतः लिहायला लागले. घरात कुणाला न सांगता. तेव्हापासून ते पान माझं आहे.

आता मी ज्या मुलींना शिकवते त्यांच्याकडे वहीऐवजी ॲप आहे. तारीख, दुखणं, झोप, चिडचिड, सगळं तिथं. मला हे मनापासून आवडतं. अशाच एका ॲपमधल्या सहा लाखांहून अधिक चक्रांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी २९.३ दिवस निघाली, आणि पुस्तकात छापतात ती नेमकी २८ दिवसांची चक्रं शंभरात जेमतेम १३. पिढ्यान् पिढ्या 'माझंच काहीतरी बिघडलंय' म्हणून कुढणाऱ्या बायकांना हे कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं.

तरी ॲपचा अंदाज हा अंदाजच. ते मागच्या महिन्यांवरून पुढची तारीख काढतं. परीक्षा, जागरणं, थायरॉईड, मेसचं जेवण त्याला कळत नाही. पीसीओडी असलेल्या मुलीला ते रोज 'उशीर' दाखवत राहतं आणि ती रोज घाबरत राहते. 'सुरक्षित दिवस' म्हणून त्यावर विसंबणं तर फारच धोक्याचं, कारण बीज बाहेर पडण्याचा दिवस मागेपुढे सरकतो आणि शुक्रजंतू पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात. हे मी वर्गात मोकळेपणानं सांगते.

दुसरी गोष्ट राखणीची. फ्लो या ॲपनं बायकांची माहिती फेसबुक, गुगलसारख्या कंपन्यांपर्यंत पोचवल्याचा ठपका अमेरिकेच्या व्यापार आयोगानं २०२१ मध्ये ठेवला. पुढच्याच वर्षी तिथं गर्भपाताचा घटनात्मक हक्क गेला आणि कित्येकींनी आपली ॲप्स पुसून टाकली. आपल्याकडे तर फोन भावाच्या, नवऱ्याच्या हातात सहज जातो, आणि बंद स्क्रीनवरही 'पाळी दोन दिवसांत' अशी सूचना झळकते. ती सूचना आधी बंद करायची, ॲपला पासवर्ड लावायचा. भिंतीवरच्या ठिपक्यापासून सुटका करून घेतली ती परत पहारा बसवण्यासाठी नव्हे.

आमच्याच भागातली एक विद्यार्थिनी स्वतःबरोबर आईच्याही तारखा नोंदवते. आई सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसची. दर पंधरा-वीस दिवसांनी अंगावर जायचं, आणि गावात प्रत्येक जण म्हणायचा, "जायची वेळ आलीय, असंच असतं. नाहीतर पिशवीच काढून टाका." पोरीनं सात महिन्यांच्या तारखा छापून डॉक्टरांपुढे ठेवल्या. सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं; हिमोग्लोबिन फार खाली गेलं होतं. लोहाच्या गोळ्या आणि औषधं सुरू झाली, पिशवी काढायची गरज नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. आई आता दर महिन्याला लेकीला स्वतः फोन करते आणि म्हणते, "लिही गं, आज आली."