साखर सोडली आणि इंदूरला गेलो!

गोड सोडून आम्हाला एकवीस दिवस झाले होते आणि आम्ही निघालो कुठे, तर इंदूरला! जिथे सकाळ पोहे-जिलबीने सुरू होते आणि रात्र रबडीने संपते.

सुरुवात झाली ती आईच्या रक्ताच्या रिपोर्टपासून. एचबीएवनसी ६.२. म्हणजे मधुमेह नाही, पण त्याचा उंबरठा. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या आधीचा टप्पा मानतात. डॉक्टर म्हणाले, ‘‘वरून घातलेली साखर बंद करा.’’ आई घरी येऊन काहीच बोलली नाही. माझ्या आजीला मधुमेह होता. शेवटच्या काही वर्षांत तिला माझा चेहरा दिसत नव्हता, ती मला आवाजावरून ओळखायची. त्या रात्री मी आईला म्हटलं, ‘‘तू एकटीने नाही, आपण दोघी सोडू.’’

आणि मग डिसेंबरमध्ये इंदूरच्या आत्याचा फोन आला, ‘‘वहिनी, किती वर्षांत आला नाहीत!’’

पहिल्याच सकाळी घसरले

पुण्याहून रात्रीच्या गाडीने निघालो. झोप धड झाली नाही. सकाळी उतरल्यावर पोटात फक्त बिनसाखरेचा चहा होता. आत्याने थेट पोह्यांच्या दुकानात नेलं. वाफेवरचे मऊ पोहे, वर शेव, कांदा, जिरावन मसाला आणि शेजारी गरम जिलबी. मी दोन जिलब्या कधी संपवल्या, मलाच कळलं नाही. गंमत म्हणजे इंदुरी पोह्यांतही थोडी साखर असते, हे मला तिथे गेल्यावर समजलं.

त्यानंतर दुपारपर्यंत मला सारखं गोडच हवं होतं. रिकाम्या पोटी साखर गेली की रक्तातली साखर झपकन वर जाते, मग खाली येते आणि पुन्हा भूक लागते. त्यात अपुरी झोप असेल तर खाण्याची ओढ आणखी वाढते. माझं तेच झालं होतं.

‘‘सगळं वाया गेलं,’’ मी आईला म्हणाले.

‘‘दोन जिलब्या खाल्ल्यास,’’ आई म्हणाली. ‘‘एकवीस दिवस कुठे गेले?’’

घरी आत्याने गुलाबजाम करून ठेवले होते. आईने हात जोडले, तेव्हा आत्याचा चेहरा उतरला. ‘‘इतकंसं घेतलं तर काय होतंय, वहिनी?’’ आईने तिला रिपोर्टचा आकडा सांगितला. आत्या गप्प झाली. वाटी उचलून आत घेऊन गेली. मला वाटलं, आता तीन दिवस असेच अवघडलेले जाणार.

सराफ्यात रात्री दहा वाजता

दिवसा सराफा म्हणजे सोन्या-चांदीची बाजारपेठ. दुकानांची शटर खाली आली की त्याच गल्लीत खाण्याचे ठेले लागतात आणि मध्यरात्रीनंतरही गर्दी असते. राजवाडा इथून अगदी जवळ. सात मजली होळकरांचा वाडा आणि समोरच्या बागेत अहिल्यादेवींचा पुतळा.

सकाळचा धडा आठवून आम्ही आधी घरी जेवलो. डाळ, पालेभाजी, भाकरी, वाटीभर दही. पोट भरलेलं असलं की डोळ्यांना आवरणं सोपं जातं. आईने एक नियम केला, ‘‘आधी पूर्ण गल्ली फिरायची. मग ठरवायचं.’’

मालपुवे, मावाबाटी, रबडी, पंजाहून मोठा जलेबा. इंदूरची शिकंजी लिंबाची नसते, आटीव दुधाची आणि सुक्यामेव्याची असते, तीही गोडच. रबडीच्या कढईपाशी माझे पाय थांबले. तोंडाला खरोखर पाणी सुटलं. आईने दंड धरला, ‘‘चल पुढे.’’ गल्लीच्या टोकाला जाऊन परत येईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं गेली आणि ती ओढ बरीच ओसरली होती. गोडाची तलफ लाटेसारखी असते. ती आली की लगेच हार मानायची नाही, तिला थोडा वेळ द्यायचा.

परतताना मालपुव्यांपाशी मात्र आई थांबली. मी काही म्हणायच्या आत तीच म्हणाली, ‘‘खायचा नाहीये गं. तुझी आजी उशीखाली पेढे लपवायची, ते आठवलं.’’

मग आम्ही भुट्ट्याचा कीस खाल्ला. किसलेलं कोवळं मक्याचं कणीस, दूध, हिरवी मिरची, वर कोथिंबीर. ठेल्यावर ‘‘साखर नको’’ असं आधीच सांगितलं. मग थंडीतला खास गराडू, म्हणजे तळलेला कंद, त्यावर जिरावन आणि लिंबू. तळलेला म्हणून तिघींत एकच प्लेट.

घरी परतताना काय आणलं?

तुम्हीही साखर कमी करत असाल, तर प्रवासात एवढं लक्षात ठेवा. उपाशीपोटी मिठाईच्या दुकानात जाऊ नका. सोबत शेंगदाणे, फुटाणे, एखादं फळ ठेवा. पाणी प्या, चार पावलं चाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५च्या मार्गदर्शनानुसार वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या, म्हणजे साधारण सहा चमच्यांच्या आत असलेली उत्तम. यात गूळ, मध आणि फळांचा रसही मोजतात. अख्खं फळ मोजत नाहीत. मधुमेहाची औषधं चालू असतील, तर खाण्यात मोठा बदल करण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि घसरलात, तर पुढच्या जेवणापासून पुन्हा सुरुवात करा. सोमवारची वाट बघू नका.

निघायच्या दिवशी दुपारी आत्याने पेरू कापले, वर जिरावन भुरभुरलं आणि बशी आईसमोर ठेवली. ‘‘हे तर चालेल ना, वहिनी?’’ आईने पहिली फोड आत्यालाच भरवली.

गाडीत बसल्यावर पिशवी उघडली, तर मिठाईच्या खोक्याऐवजी जिरावनची दोन पाकिटं निघाली. आता घरी दुपारी चार वाजले आणि गोडाची आठवण झाली, की आई पेरू कापायला घेते आणि मी आत्याला व्हिडिओ कॉल लावते.