फाल्गुनात एकदा सातपुडा पाहावा

जपानात वसंत ऋतूत साकुराला, म्हणजे तिकडच्या चेरीला, फुले आली की माणसे कामधंदा बाजूला ठेवून ती पाहायला निघतात. बायकामुलांसह झाडाखाली चटया अंथरतात आणि शिदोऱ्या सोडतात. टोकियोत एका ठरवून दिलेल्या झाडावर पाच-सहा फुले उमलली, की तिथले हवामान खाते फुलोरा सुरू झाल्याचे जाहीर करते. हे ऐकून आपल्याला नवल वाटते. पण काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी आपली गत आहे. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या कुशीत, होळीच्या आगेमागे जो फुलोरा येतो तो पाहायला अर्धा दिवस पुरतो. गहू-हरभरा घरात आला की तेवढी सवड काढा आणि घरच्यांना घेऊन या.

नंदुरबारहून निघालात तर प्रकाशाला तापी ओलांडून शहाद्याला या. शहाद्याहून तोरणमाळ सुमारे ५५ किलोमीटर आहे. वाटेत केळी, पपई आणि उसाचे हिरवे मळे लागतात. म्हसावद मागे पडते आणि राणीपूरच्या पुढे रस्ता डोंगरात शिरतो. चालायला सुरुवात इथूनच करायची. मात्र इथे उजाडण्यापूर्वी पोहोचले पाहिजे. शहाद्याकडे सोयरेधायरे असतील तर आदल्या रात्री त्यांच्याकडे मुक्काम करा. बरोबर पाणी घ्या, भाकरी, चटणी आणि कांदा बांधून घ्या.

पहाटेच का, असे विचाराल. मोहाची रीतच तशी आहे. त्याचे फूल रात्री उमलते, वटवाघळे त्यावर येतात आणि रात्र सरता सरता फुले टपटप गळू लागतात. सकाळचे ऊन चढेपर्यंत हा सडा पडत राहतो. झाडाजवळ गेलात की आधी वास येतो, गोडसर आणि थोडा आंबूस. मग पायाशी पिवळसर पांढरी, मांसल, मण्यांसारखी फुले दिसतात. एखादे तोंडात टाकून पाहा, रस साखरेसारखा गोड लागतो.

पण थांबा! फूल उचलण्यापूर्वी विचारा. जंगलातले झाड असले तरी कोणते झाड कोणत्या घराने वेचायचे हे पाड्यापाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. टोपल्या घेऊन आलेल्या बाया-पोरी कंदिलाच्या नाहीतर बॅटरीच्या उजेडात वेचायला लागलेल्या असतात. त्यांना रामराम करा, सड्यावर पाय देऊ नका. "मावशी, दोन फुले घेऊ का?" म्हटले तर कोणी नाही म्हणत नाही, उलट ओंजळभर हातावर ठेवतात.

आपल्याला जो फुलोरा, तो त्यांचा हंगाम आहे. वेचलेली फुले अंगणात वाळत घालतात. वाळून ती तांबूस होतात आणि वजनाला चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर येतात, म्हणजे टोपलीभर वेचावे तेव्हा ओंजळभर उरते. त्यांची दारू होते हे सर्वांना ठाऊक आहे. पण टंचाईच्या दिवसांत हीच फुले उकडून, भाजून, पिठात मिसळून पोट भरले जात असे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. आठवड्याच्या बाजारात ती विकून तेलमीठ येते. पुढे जून-जुलैत फळे पिकली की बियांचे तेल निघते. जंगलातला हा गौण माल वेचण्याचा आणि विकण्याचा वनवासी कुटुंबांचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने मान्य केला आहे.

सूर्य वर आला की नजर मोहाकडून पळसाकडे वळवा. सकाळचे तिरपे ऊन पडले म्हणजे पळस खरोखर पेटल्यासारखा दिसतो. अंगावर पान नसते, सगळे झाड केशरी होऊन जाते. फूल हातात घेऊन पाहा, त्याचा आकार पोपटाच्या चोचीसारखा बाकदार असतो. संस्कृतात त्याला किंशुक म्हणतात, म्हणजे "हा पोपट तर नव्हे?" मैना, बुलबुल, सूर्यपक्षी यांची त्या फुलांवर नुसती झुंबड असते. मुलांना दाखवा, पक्षी चोच घालतो आणि परागकण डोक्याला लावून पुढच्या झाडावर जातो. तिकडे दरीच्या कडेला उंच सावर लाल फुलांनी लगडलेली असते, मधूनच पांगारा दिसतो. पळसाची वाळलेली फुले भिजवून रंगपंचमीचा रंग करता येतो. मुलांच्या कातडीला तो बाधत नाही. खाली पडलेली फुले पिशवीभर गोळा करा, फांदी मोडू नका.

होळीच्या आधीच्या आठवड्यात आलात तर भोंगऱ्या बाजारही पाहायला मिळेल. भिल्ल, पावरा मंडळी नटूनथटून ढोल-बासरीसह येतात. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या होळीला रात्रभर नाच चालतो आणि पहाटे होळी पेटते. पाहुण्याने पाहुण्यासारखे वागावे. विचारल्याशिवाय कोणाचा फोटो काढू नये.

आता चालता चालता एक गोष्ट नीट पाहा. मोहाची मोठमोठी झाडे दिसतील, दोघांच्या कवेत न मावणारी. पण त्यांच्याजवळ मनगटाएवढे, कमरेएवढे पोर शोधा. पुष्कळ ठिकाणी ते सापडणार नाही. कारण उघड आहे. फूल दिसावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. त्या आगीत कोवळी रोपे जळतात, वारा असला तर आग रानातही शिरते. बिया तेलासाठी वेचल्या जातात आणि त्यातून उगवलेच एखादे तर गुरे-शेळ्या खातात. वेचणाऱ्याला दोष देऊन काय उपयोग? पहाटे पाल्यातून फुले शोधणे सोपे नाही. त्यावर साधा उपाय म्हणजे पाला झाडून कडेला लोटावा आणि झाडाखाली जुनी लुगडी किंवा जाळी अंथरावी. कंबर कमी मोडते, फुलाला माती लागत नाही आणि स्वच्छ मालाला भावही बरा मिळतो.

बांधाच्या मालकांनीही थोडे करावे. मोहाचे बी फार दिवस टिकत नाही. जून-जुलैत फळ पिकले की ताजे बी लगेच पिशवीत नाहीतर बांधावर टोकावे, भोवती काट्यांचे कुंपण करावे आणि दोन-तीन वर्षे गुरांपासून राखावे. फूल यायला आठ-दहा वर्षे लागतात. म्हणजे आज शाळेत जाणारी मुलगी त्याचे पहिले फूल वेचील.

जपानकडून घ्यायचे ते हेच. तिथल्या शहरांत सगळीकडे दिसणारी ती चेरी बियांपासून होत नाही, आपल्या आंब्यासारखे तिचे कलम करावे लागते. लोकांना जो फुलोरा दिसतो तो कोणीतरी हाताने लावलेला असतो आणि म्हातारे झाड गेले की पुन्हा लावावा लागतो. आपला मोह आजवर आपसूक आला, म्हणून आपण कधी लावला नाही. आता आपसूक येईनासा झाला, तर लावणारा हात आपलाच हवा.

अकरा वाजता ऊन तापते. तेव्हा चालणे थांबवा आणि मिळेल त्या वाहनाने सातपायरीच्या घाटातून वर तोरणमाळला जा. अकराशे मीटरहून उंच अशा त्या पठारावर हवा गार असते. यशवंत तलावाच्या काठी सावली पाहून शिदोरी सोडा, गोरक्षनाथाचे दर्शन घ्या. परतताना मुलांना विचारा, मोहाची किती मोठी झाडे पाहिली आणि किती पोरे पाहिली? त्यांचे उत्तर वहीत तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या फाल्गुनात पुन्हा मोजायला या.