सुटला की सोडला?

आमच्या घरात मासे शिजत नाहीत, आणि मला मासे धरण्याचा नाद आहे. या दोन गोष्टींतील विरोध मिटविण्यात माझी पाच-सात वर्षे गेली. आणि तो अखेर धर्मचर्चेने न मिटता एका लहानशा चक्रीने मिटला, असे म्हटले तर वाचकांस अतिशयोक्ती वाटेल. म्हणून ती हकीकतच सांगतो.

आम्ही नाहूरला राहतो. गळ टाकू इच्छिणाऱ्यास येथून पवईचा तलाव जवळ. त्याच्या काठी या छंदाच्या शौकिनांची संस्थाही आहे. परंतु साचलेल्या पाण्यात गळ टाकून तपश्चर्या करीत बसणे मला साधत नाही. मला ओढ वाहत्या पाण्याची. २००६ साली नाहूरला स्वतःचे स्थानक झाल्यापासून मी रविवारी पहाटेची गाडी धरतो, कल्याणला ती बदलतो आणि वासिंदला उतरून भातसेचा काठ गाठतो. मुंबईस पोचणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा भातसा धरणाचा. ते पाणी धरणातून नदीत सोडतात आणि खाली पिसे येथील बंधाऱ्यापाशी उचलून घेतात. त्यामुळे इतर नद्या चैत्रात आटल्या तरी ही नदी मुंबईकरांच्या पुण्याईने वाहत असते.

अशा नदीत गळ टाकण्याची एक नाजूक रीत आहे. मोरपिसाच्या देठाचा वीतभर तुकडा दोऱ्यात अडकवावयाचा, त्याखाली दोन-तीन ग्रॅम शिशाचे छरे, आणि टोकाला बारीक गळावर कणकेची गोळी. देठ प्रवाहाबरोबर खाली जातो आणि आपण दोरा सोडीत राहतो. देठ बुडाला की मासा लागला. ऐकावयास सोपे, पण नदीचे पाणी वर वेगाने आणि तळाशी संथ वाहते. देठाला मोकळा सोडला तर तो गोळीला तळावरून फरफटत नेतो आणि शहाणा मासा तिला तोंड लावीत नाही. म्हणून देठाला किंचित रोखून धरावे लागते, म्हणजे गोळी पुढे आणि देठ मागे चालतो. सोडावयाचे आणि सोडतानाच रोखावयाचे, अशी ही विद्या आहे.

या नादाला घरातून विरोध झाला तो आत्याचा. तीर्थाच्या घाटावर माशांना कणकेच्या गोळ्या घालणे हे तिचे आवडते पुण्यकर्म. "मीही गोळ्याच घालतो," असे मी म्हणालो तेव्हा ती म्हणाली, "बापू, गोळीत गळ घालतोस, एवढाच काय तो फरक!" मग मी ग्रंथाधार काढला. बाराव्या शतकातील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' रचला. त्याची राजधानी कल्याणी; आमची गाडी बदलावयाचे कल्याण नव्हे, तर बीदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, याची नोंद करणारा हाच तो ग्रंथ. त्यात 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरण असून माशांच्या जाती, त्यांना घालावयाचे खाद्य आणि गळाने ते धरण्याची रीत यांचे वर्णन आहे. आत्याने सारे शांतपणे ऐकले आणि विचारले, "तो राजा होता. तू कोण?"

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. शेवटी, धरलेला प्रत्येक मासा जिवंत सोडीन, असा शब्द देऊन मी परवानगी मिळविली.

आता चक्री घ्यावयाची. हल्ली सर्रास आढळते ती चक्री मूळ इंग्लंडातील इलिंगवर्थ नावाच्या गिरणीवाल्याची. तिचे पेटंट १९०५ सालचे. तिचे रीळ स्थिर राहते आणि गिरणीतील चात्यावरून सूत सुटावे तसा दोरा त्याच्या तोंडावरून सुटतो. लांब फेकीला ती उत्तम, आणि तिला कमीजास्त करता येणारा ब्रेकही असतो. तिच्याहून जुनी ती सेंटरपिन. एका आसावर फिरणारे साधे चाक, एवढेच तिचे यंत्र. ट्रेंट नदीकाठच्या नॉटिंगहॅम शहरात अशा चक्र्या पूर्वी लाकडाच्या होत. संक्रांतीला ज्याने आसारी हाती धरून पतंगाला ढील दिली आहे त्याला सेंटरपिन निराळी शिकवावी लागत नाही. चाकाच्या कडेवर टेकलेला आपला अंगठा, हाच तिचा ब्रेक. देठ रोखून सोडण्याच्या कामात तिची बरोबरी दुसरी चक्री करू शकत नाही.

मी सेंटरपिनच घेतली. पण निवडताना चुकलो. दुकानदाराने टिचकी मारताच चाक गरगर फिरू लागले ते दीड-दोन मिनिटे थांबेना. मी भुललो. चाक जड असले म्हणजे ते पुष्कळ वेळ फिरते, हे साधे पदार्थविज्ञान त्या क्षणी मला आठवले नाही. जे जड चाक लवकर थांबत नाही, ते लवकर सुरूही होत नाही.

वासिंदला तेच झाले. संथ पाण्यातील हलक्या देठाच्या ओढीने चाक हलेना. मी बोटाने त्याला गती दिली, तर आता ते आवरेना. दोरा पाण्यात जाण्याऐवजी चक्रीभोवतीच सैल वेटोळी घालू लागला. नेमका तेव्हाच देठ बुडाला. मासा चांगला जोरकस होता. वेटोळ्यांत चाक अडकले, क्षणभर काठी वाकली, आणि दोरा तटकन तुटला.

संध्याकाळी आत्याने विचारले, "काही लागले?"

"लागला होता, सुटला."

"आणि गळ?"

मी गप्प राहिलो. गळ माशाच्या तोंडात राहिला होता. माझा शब्द होता सोडण्याचा. आणि हे काही सोडणे नव्हते. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

पुढे मी चक्री बदलली. मासा हाती येतो की गळ घेऊन जातो, हे पुष्कळ अंशी चक्रीवर ठरते, म्हणून नवशिक्यांसाठी चार गोष्टी लिहून ठेवतो. चाकाचा व्यास ४ ते ४.५ इंच असावा, म्हणजे एका फेऱ्यात फूटभर दोरा येतो. चाक अरुंद आणि हलके हवे. इंग्लंडातील ऑलकॉक कंपनीच्या प्रसिद्ध 'एरियल' चक्रीला सायकलीसारखे आरे असत, त्यांतील मर्म हेच. दुकानात टिचकी मारून मिनिटे मोजू नयेत; दोऱ्याला दोन-तीन छरे टांगावे आणि तेवढ्या वजनाने थांबलेले चाक आपण होऊन सुटते का, ते पाहावे. फिरताना त्याची कड डुगडुगू नये. बेअरिंग छऱ्यांचे की साधे, हा वाद त्यानंतरचा. शंभर वार तंगूस पुरेसे. अधिक गुंडाळल्यास ते आतल्या थरांत रुतते. गळाजवळचा वीतभर दोरा मुख्य दोऱ्याहून कमजोर ठेवावा, म्हणजे तुटला तरी माशामागे लांब शेपूट राहत नाही. आणि गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करावा, म्हणजे तो माशाला स्वतःही झटकता येतो.

नव्या चक्रीने पहिला मासा धरला तेव्हा त्याने तीन वेळा धाव घेतली. तिन्ही वेळा अंगठ्याने त्याला ढील दिली आणि त्यानेच हळूहळू आवरले. काठाशी आल्यावर ओल्या हाताने गळ काढला, प्रवाहाकडे तोंड करून त्याला पाण्यातच धरले, आणि दम येताच तो आपला आपण निघून गेला.

आता रविवारी पहाटे कणकेची गोळी आत्याच मळून देते. तीत चिमूटभर हळदही घालते. तिचे मत बदलले आहे असे मात्र कोणी समजू नये. संध्याकाळी मी दारात पाय ठेवतो न ठेवतो तोच तिचा एकच प्रश्न येतो, "सुटला की सोडलास?"

बहुतेक वेळा मला "सोडला" म्हणता येते. ज्या दिवशी येत नाही, त्या दिवशी मी चहा घेण्यापूर्वी चक्री उघडून बसतो.