तापोळ्याचं पाणी

महाबळेश्वरला गेलं की आपण पॉइंट पाहतो, चणे-स्ट्रॉबेरी घेतो आणि परततो. पुढच्या खेपेला एक दिवस जास्त काढा आणि घाटानं पंचवीसएक किलोमीटर खाली तापोळ्याला उतरा. डोंगरांच्या कुशीत पसरलेला शिवसागर पाहून मुलं होडीसाठी हटूनच बसतील!

हे कोयनेचं पाणी. धरण पार दक्षिणेला, कोयनानगरला. पण फुगवटा थेट इथवर. साठा तब्बल १०५ अब्ज घनफूट. गंमत अशी, की कोयना मूळची पूर्वेची, कऱ्हाडला कृष्णेला मिळणारी. तिचं बरंचसं पाणी मात्र सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला वळवलंय. पोफळीला डोंगराच्या आतच वीजघर आहे. तिथं उंचावरून येणाऱ्या पाण्यानं चक्रं फिरतात आणि तेच पाणी पुढे वाशिष्ठीतून समुद्राला जातं. सगळे टप्पे मिळून क्षमता १,९६० मेगावॅट. संध्याकाळी घरोघरी एकदम दिवे लागले, मिक्सर फिरू लागले, की कोयनेचे संच चटकन सुरू करता येतात. कोळशाच्या केंद्राला ते जमत नाही.

पण या पाण्याखाली गावं आहेत, बरं का. १९६० च्या दशकात पाणी चढलं तेव्हा चूल, जातं, परसातलं वृंदावन सोडून बायका निघाल्या. कुणी डोंगरात वर सरकलं, कुणाला परक्या जिल्ह्यात जमीन मिळाली, कुणाला ती मिळवण्यासाठी पुढच्या पिढीपर्यंत अर्ज नि मोर्चे करावे लागले. त्यातच ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप. कोयनानगर परिसरात घरं कोसळली, कितीतरी माणसं झोपेतच गेली.

उन्हाळ्यात पाणी ओसरलं, की कुठं कुठं जुनी जोती उघडी पडतात. म्हातारा नावाडी भेटला तर जुनं गाव कुठं होतं ते विचारा. तो बोट दाखवील पाण्याच्या मधोमध. म्हणून म्हणते, स्पीडबोटीची दहा मिनिटांची चक्कर मुलांना मारू द्या, पण आपण साध्या लाँचनं जावं. पलीकडच्या कित्येक वाड्यांना लाँच हीच एसटी. बाजार, शाळा, अडलेली बाळंतीण, सगळं पाण्यावरून!

वासोट्याला जायचं तर लाँच बामणोलीहून घ्या. किल्ला अभयारण्यात आहे, तेव्हा वनखात्याची परवानगी हवी. डबा घरचाच न्या, पिशव्या परत आणा. आणि होडीत जॅकेट मुलांना घालाच. आपणही साडीवरून घालावं, कितीही हसू आलं तरी.